ऐकणारं टोक

कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी दचकले आणि शलाका दचकली नाही. झालं एवढंच. ओट्याखाली माझ्या पायाशी ती बसली होती, आता आता टेकूशिवाय बसायला लागलेली. समोर उपडी वाटी, वाटीवर खिडकीतून आलेल्या उन्हाचा एक तुकडा, आणि तो तुकडा उचलायचा तिचा उद्योग चाललेला. शिट्टी अशी अचानक फुटली की खिडकीत बसलेली मांजर खाली उडी टाकून गेली, माझ्या हातातली पोळी तव्याऐवजी ओट्यावर पडली. शलाकाची बोटं मात्र उन्हावरून हललीसुद्धा नाहीत. मला वाटलं, रमली आहे. मुलं रमतात. दुसऱ्या शिट्टीच्या वेळी मी लाटणं थांबवून तिच्याकडे बघत राहिले. आधी कुकरचं ते आतल्या आत गुरगुरणं, मग झाकणावरची थरथर, मग तो आवाज. मी तिच्या पापण्या बघत होते. पापणी हलली नाही. तिसरी शिट्टी मी होऊ दिली नाही. गॅस बंद केला, कच्ची राहिलेली डाळ तशीच डब्यात भरली, शलाकाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि कामावर निघाले. त्यांना काही बोलले नाही. बोलायला काय होतं? कुकरची शिट्टी झाली, एवढंच ना.

टेम्पोत बसल्यावर सगळं एकदम आठवायला लागलं, आणि आठवायला लागलं म्हणण्यापेक्षा उलटं दिसायला लागलं. दिवाळीत आमच्या इतवारा मोहल्ल्यात, आमच्या खिडकीखाली पोरं सुतळी बॉम्ब लावत होती, आजूबाजूची लेकरं रडून रडून निळी पडत होती, आणि माझी मुलगी पाळण्यात गाढ झोपली होती. घरमालकीण आशाबाई वर येऊन पाळण्यात डोकावून म्हणाल्या, किती गुणाची पोर, सुलभा, नशीब काढलंस हो. ते मी चार घरी सांगितलं. माहेरी पत्रात लिहिलं. ती माझा आवाज ओळखते हेही मी सगळ्यांना सांगत असे. संध्याकाळी जिन्यातून हाक मारत वर येते तेव्हा मी दारात पोचेपर्यंत तिचं तोंड दाराकडे झालेलं असतं. पण जिना लाकडी आहे, आणि घरातली जमीनही फळ्यांची, हे मला टेम्पोत आठवलं. कुणीही चढलं तरी घर हलतं. समोरच्या सीटवर एका बाईच्या मांडीवर शलाकाएवढंच बाळ होतं. ड्रायव्हरने हॉर्न दाबला की ते आईच्या पदरात तोंड खुपसायचं. हॉर्न पुन्हा पुन्हा वाजत होता आणि मी त्या बाळाकडे इतकी टक लावून बघत होते की ती बाई पदर सारखा करून दुसरीकडे वळली. दृष्ट लावणारी वाटले असेन तिला. बारशाला माझ्या नणंदेने, मंगलाताईने, शलाकाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं होतं, आणि मग तिचं नाव कानात सांगितलं होतं. सगळ्या बायका हसल्या, ताईच्या पाठीत धपाटे बसले, आणि शलाका दिव्याकडे बघत होती. ते नाव कुठे गेलं असेल? कानातून आत जाऊन कुठेतरी पोचलं असेल, की दारातच पडून राहिलं असेल, कुणी न उचललेल्या वर्तमानपत्रासारखं? हा विचार मी ढकलून दिला. झोप नसली की माणसाला असलं काहीतरी सुचतं. आठ महिन्यांत मी सलग झोपलेले नाही.

कचेरीत पाय ठेवला तर गिरधर माझीच वाट बघत उभा. गिरधर फोपनारचा तुलावटी, म्हणजे केळीची गाडी काट्यावर चढली की वजन वाचून सांगणारा माणूस. गेल्या वर्षापासून आमच्याकडे एकीकरण चाललं आहे. बहादरपुरचा केळी संघ वेगळा होता, फोपनारचा वेगळा. दोन्ही मिळून आता एक संघ, एक कचेरी, बुऱ्हाणपुरात मंडीला लागून. बहादरपुरचं कॉम्प्युटरचं मशीन, युनिक्सवर चालणारं, मोठं म्हणून ते ठेवलं, आणि फोपनारचा पडदा, फोपनारचा प्रिंटर यांच्या तारा आणून त्याला जोडल्या. काटे मात्र दोन ठेवावे लागले, कारण बहादरपुरच्या काट्यावर फोपनारचा माणूस आपला माल चढवायला तयार नाही आणि फोपनारच्या काट्यावर बहादरपुरचा. एकाच आवारात शेजारी शेजारी दोन काटे, दोन खिडक्या, दोन रांगा. इंदूरहून एक माणूस आला, त्याने तारा जोडल्या, चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून मशीन माझं. लग्नाआधी खंडव्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, तो असा अंगाशी आला.

गिरधरची तक्रार जुनीच होती. फोपनारच्या खिडकीवर वजन टाकलं की पडदा म्हणतो छापलं, आणि प्रिंटरमधून काहीच निघत नाही. बहादरपुरच्या शेतकऱ्याला छापील पावती मिळते, फोपनारच्याला गिरधर हाताने लिहून देतो. फोपनारकडचे लोक आता म्हणू लागले होते की हे एकीकरण नाही, गिळणं आहे. पुढच्या आठवड्यापासून आपला माल सरळ रावेरच्या मंडीला न्यायचा. मी आपली रोज त्याला सांगत होते, बघते, उद्या बघते. आज तो हसत होता, पण जरा वेगळं हसत होता.

"ताई, लगन तं लागलं," तो म्हणाला. "नवरीले घरातबी घेतलं. पन तिच्याशी बोलायले कोनी तयार नही, असं झालं पाहा आमचं."

आमचे मॅनेजर शालिग्रामजी आतून ओरडले की बहादरपुरच्या घरात नवरीने आधी आपलं तोंड उघडावं, मग सासरचे बोलतील. बहादरपुरच्या रांगेतले दोघे हसले. गिरधरही हसला, आणि हसून झाल्यावर तिथेच उभा राहिला. एरवी मीही हसले असते. मी विचारलं, प्रिंटरची तार हलवून पाहिली का? तो म्हणाला, तार, दिवा, कागद, सगळं पाहिलं. उदबत्ती तेवढी ओवाळायची राहिली.

मी मशीनसमोर बसले. पडद्यावर एक ओळ येऊन बसली होती, जागा संपत आली आहे. कसली जागा संपत आली आहे मला कळेना. केळीची वजनं ती काय, आणि त्यांना लागणारी जागा ती काय. पण मला बरं वाटलं. शोधायला काहीतरी मिळालं, ज्याचं उत्तर नक्की कुठेतरी आहे आणि ते इथेच, या खोलीत आहे.

युनिक्सला बाहेरचं जग माहीत नसतं. त्याला फक्त फाईल माहीत असते. पडदा असो, काटा असो, प्रिंटर असो, प्रत्येकाच्या नावाची एक फाईल डेव्ह नावाच्या कप्प्यात असते आणि मशीन त्या फाईलशीच बोलतं. पण ती फाईल इतर फाईलींसारखी नसते. तिच्या पोटात काही नसतं. बाकीच्यांचा आकार जिथे लिहिलेला असतो तिथे हिच्यासमोर दोन आकडे असतात. पहिला सांगतो यंत्राची जात कोणती, दुसरा सांगतो त्या जातीतली कितवी तार. तिच्यात जे टाकाल ते तिच्यात थांबत नाही, पलीकडे जातं, तारेच्या दुसऱ्या टोकाला जे कोण ऐकत असेल त्याच्यापाशी. अशी फाईल लिहून होत नाही, घडवावी लागते. त्यासाठी एमकेनॉड नावाचा हुकूम आहे. नाव सांगायचं, जात सांगायची, दोन आकडे सांगायचे. खंडव्याच्या आमच्या मास्तरांना हा धडा फार आवडायचा. ते म्हणायचे, मुलींनो, हे दाराला नाव देणं नाही, नावाला दार देणं आहे. आम्ही मुली एकमेकींना कोपर मारून हसायचो, आणि परीक्षेत ते नेमकं विसरायचो.

कप्प्यातली यादी काढली. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर सी. सी म्हणजे अक्षर अक्षर बोलणारं यंत्र. सी, सी, सी, बहादरपुरचा प्रिंटर सी, दोन्ही काटे सी, आणि फोपनारच्या प्रिंटरच्या ओळीला नुसती आडवी रेघ. आडवी रेघ म्हणजे साधी फाईल. दोन आकड्यांच्या जागी भला मोठा आकार. इंदूरच्या माणसाने तार जोडली होती, पडद्याच्या प्रोग्रॅमला नाव सांगितलं होतं, पण त्या नावाची फाईल घडवायची विसरला होता. आणि युनिक्सला एखाद्या नावाच्या फाईलमध्ये लिही म्हटलं आणि ती नसली, तर ते तक्रार करत नाही. गुपचूप एक साधी फाईल तयार करतं आणि लिहायला लागतं. एकीकरणाच्या पहिल्या दिवसापासून फोपनारची प्रत्येक गाडी, प्रत्येक वजन त्या फाईलच्या पोटात जाऊन पडत होतं. पडदा म्हणत होता छापलं, आणि पडदा खोटं बोलत नव्हता. त्याच्या बाजूने सगळं झालेलं होतं. त्याला वाटत होतं पलीकडे कुणीतरी आहे.

मी खुर्चीत मागे टेकले. दूध भरून आलं होतं, छाती दुखत होती, ब्लाउज ओला झाला की काय म्हणून मी पदर पुढे घेतला. तिला पाजताना मी सारखी बोलत असते. लहानपणी मी बोलकी नव्हते, लग्नानंतर तर नाहीच. माझे यजमान प्रभाकर शाळेत शिकवून येतात ते शिकवण्यांना जातात, त्यांच्याशी बोलायचं ते रविवारी. जे काही बोलले ते या आठ महिन्यांत बोलले, तिच्याशी. काय काय सांगितलं आहे मी तिला. शालिग्रामजींची नक्कल करून दाखवली. माझी आई मला न्यायला आली नाही त्या सुट्टीचं सांगितलं, जे मी प्रभाकरनाही सांगितलेलं नाही. तापीला पूर आला की आमच्या गावातले लोक कसे काठावर नुसते उभे राहायचे ते सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि हसायची, आणि ते हसू बघून मी पुढचं सांगायची. छापलं, छापलं, छापलं. मग मला माझाच राग आला. मूल म्हणजे काय प्रिंटर आहे? दोन शिट्ट्या झाल्या आणि बाई तुम्ही निकाल लावून बसलात. सर्दी असेल. कानात मळ असेल. पण या समजुतीमागून सुतळी बॉम्ब वाजत होते, आणि हॉर्न, आणि कुर्र. यादीतली ती आडवी रेघ माझ्याकडे बघत होती.

ती फाईल मी पुसली नाही. पुसायला पाहिजे होती, जागा संपत आली होती. पण फोपनारचं जे काही होतं ते तिच्यात होतं, म्हणून तिला दुसरं नाव देऊन बाजूला सरकवली. मग रूट म्हणून आत शिरले. रूट म्हणजे मशीनचा धनी. नावाला दार द्यायचा अधिकार फक्त त्याला. एमकेनॉड, नाव, सी, आणि दोन आकडे. दुसरा आकडा टाकताना हात थांबला. तार कितव्या खोबणीत आहे ते वाकून मशीनच्या मागे जाऊन बघितलं, परत आले, पुन्हा जाऊन बघितलं. एक आकडा चुकला की फोपनारचं बोलणं बहादरपुरच्या घरात निघायचं. आकडा टाकला. पडद्यावर काहीच झालं नाही. काम झालं की युनिक्स गप्प राहतं, बोलतं ते फक्त चुकलं तर. ही गोष्ट मला आधी कधी इतकी क्रूर वाटली नव्हती. मग साठलेली ती सगळी फाईल मी नव्या नावात ओतली.

पलीकडच्या खिडकीतून प्रिंटरचा आवाज आला. तो करवतीसारखा आवाज, ओळीमागून ओळ. आधी गिरधरचं ओरडणं, मग चार लोकांच्या धावत येण्याचा आवाज, मग हसणं. आवळ्या-जावळ्यांसारखे चिकटलेले कागद प्रिंटरमधून निघून जमिनीवर घड्या घालत पडत होते. पहिल्या दिवसाची पहिली गाडी, दुसरी गाडी, एकेका शेतकऱ्याचं नाव. गिरधर नावं मोठ्याने वाचत होता. कुणी एक म्हातारा म्हणाला की माझं वजन इतके दिवस कुठं व्हतं? गिरधर म्हणाला, "कुठं असनार काका, याच्याच पोटात. याले बोलायचं व्हतं, याले तोंड नव्हतं." शालिग्रामजीसुद्धा खुर्ची सोडून आले आणि रावेरला जाणाऱ्यांनी आता बिनधास्त जावं म्हणून टोमणा मारून गेले, पण त्यांचा चेहरा निवळलेला दिसत होता. मी जागेवरून उठले नाही. मला एवढंच सुचत होतं की माझ्या बोलण्याची अशी फाईल कुठे साठलेली नाही. जे पोचलं नाही ते गेलं. ते ओतता यायचं नाही. मी शालिग्रामजींना सांगितलं, डोकं दुखतंय, जरा लवकर जाते. आज ते काही म्हणू शकत नव्हते.

इतवाऱ्यात उतरले तेव्हा ऊन कलत होतं. चपला मी खालीच काढल्या. जिन्याच्या कडेकडेने, भिंतीशी जिथे फळी वाजत नाही तिथे पाय ठेवत वर गेले. स्वतःच्या घरात मी चोरासारखी चढत होते. शलाका बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसली होती, पाठ दाराकडे, समोर कापडाची चिंधी. मी दारात उभी राहून म्हटलं, शलाका. रोज म्हणते तसंच म्हटलं. मग जरा मोठ्याने. मग असं, की माझा आवाज मलाच परका वाटला. ती चिंधी तोंडात घालत होती. तिच्या मानेवरचं जावळ वाऱ्याने हलत होतं, आणि मान हलत नव्हती.

माझा आवाज ऐकून सासूबाई आतून आल्या. हाताला मेथीची माती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी उभी होते त्या दाराकडे, माझ्या अनवाणी पायांकडे, आणि शलाकाच्या पाठीकडे.   मग त्यांनी डावा पाय उचलला आणि टाच फळीवर आपटली, एकदा, आणि लगेच परत एकदा. शलाका गर्रकन वळली. त्यांना बघून तिने दोन्ही हात वर केले, मग मी दिसले तेव्हा हात माझ्याकडे केले.

टाच आपटायची ती सवय होती. हे मला त्या पायाकडे बघूनच कळलं. आज पहिल्यांदा आपटलेली टाच नव्हती ती.

"कधीपासून, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

त्या खाली बसल्या आणि मेथीच्या मातीचे हात लुगड्याला पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही. मग म्हणाल्या, दिवाळीच्या आधीपासून. पाळण्यामागे उभं राहून टाळी वाजवून पाहिली होती त्यांनी. एकदा नाही, किती वेळा.

"मले वाटलं, तू म्हनशीन, हे तुमच्या घरचं आहे. भिकनचं."

भिकनमामा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच वारला. घरात त्याचं नाव निघालं की सगळे एवढंच म्हणायचे, सीधा होता बिचारा, बोलायचा नाही फार. आज त्या म्हणाल्या की तो जन्मापासून ऐकत नव्हता, म्हणून बोलत नव्हता. माझ्या लग्नाच्या बोलणीत हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. तेव्हापासून त्यांना वाटत होतं की एक दिवस ते माझ्या पदरात येणार, आणि आलं. माझ्याकडे न बघता, फळीतल्या फटीकडे बघून त्या हे बोलत होत्या. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मालूबाई म्हटलं की गल्लीत दूधवाला पाण्याचं माप कमी करतो, त्या बाईला.

मला भांडायचं होतं. मला एवढे दिवस बोलत ठेवलंत, असं म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते, पण ते बाहेर काढायला जे लागतं ते माझ्यात उरलं नव्हतं. मी म्हटलं, मला सांगायला हवं होतं.

"तू थकेल येत व्हती रोज," त्या म्हणाल्या. "थकेल मानसाले काय सांगाव?"

मग मी शलाकाला उचललं आणि भिंतीला टेकून बसले. सासूबाई तिथेच बसून राहिल्या. इंदूरला दाखवू, त्या म्हणाल्या, मीही येते, डॉक्टरला भिकनचं सगळं मीच सांगते, तू नको सांगू. मी मान हलवली. शलाकाने माझा पदर ओढला आणि मी तिला पाजायला घेतलं. दिवसभराचं दूध, तिला दम लागत होता पिताना. मी विचारलं, भिकनमामांना तुम्ही हाक कशी मारायचा?

त्या जरा विचारात पडल्या, जणू ही गोष्ट त्यांना कुणी कधी विचारली नव्हती. शेतात असला तर ढेकूळ मारायचो, म्हणाल्या. घरात असला तर जमीन ठोकायचो. पण त्यांच्या आईचं वेगळं होतं. ती दळायला बसली की भिकन तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा, तासन्‌तास, तिथेच झोपायचा. त्याला बोलवायचं असलं की ती जातं थांबवायची. बस, तेवढंच. पाठीतली घरघर थांबली की तो उठून समोर यायचा.

 अंधार पडायला वेळ होता, खाली गल्लीत कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं. शलाकाचा कान माझ्या छातीला चिकटलेला होता, गाल गरम. सवयीने मी तिला सांगायला लागले, फोपनारच्या प्रिंटरचं. त्या म्हाताऱ्याचं वजन कसं निघालं ते, गिरधर कसा ओरडला ते, एका आडव्या रेघेचं. हळू आवाजात, रोज बोलते तसंच. तिचे डोळे मिटत आले होते. पिणं संथ झालं होतं. एका वाक्याच्या मध्ये, शालिग्रामजी खुर्ची सोडून उठले आणि, इथे मी थांबले.

शलाकाने डोळे उघडले. दूध सोडलं, मान मागे टाकली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कपाळाला बारीक आठी घालून.

मग मी पुढचं सांगू लागले.